भुशाचं पोतं आणि उघडं आभाळ

भाऊजी, आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, ओल्या चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि विळी जास्त आली. वेलांट्या इकडच्या तिकडे होतील. हसायचं तर हसा. तुमचं ते हसणं ऐकायला मिळणार असेल तर मी मुद्दाम चुका करीन.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

तुमच्या तेरवीला माणसं बोलली. मी दाराआड उभी होते. एक जण म्हणाला, फार शांत माणूस, कधी जास्त बोलला नाही. मला आतल्या आत हसू आलं आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली. शांत कुठले? माझ्याशी बोलायला लागलात की चुलीवरचं आटून जायचं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून मी काही म्हटलं नाही. तुमचे दादाही पंगतीला पाणी वाढत राहिले. धाकट्या भावाच्या तेरवीला मोठ्यानं काय बोलायचं?

तुम्ही कसे गेलात ते इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. आपला एक वाद अर्धा राहिला होता, तो मात्र तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. त्याबद्दलच सांगायचं आहे.

आठवतं, तुम्ही आयटीआय करून भंडाऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात लागलात तेव्हा मी नवी नवरी होते? घरी यायचे तेव्हा सायकलला बर्फाची लादी बांधून आणायचे, पोत्यात, वरून धानाचा भुसा. मी ती फोडून टोपलीत रोहू-कतल्याच्या खाली वर घालायची आणि अड्याळच्या बाजाराला जायची. तुमची थंडी आणि माझी मासोळी, असा आपला धंदा. मग तुम्ही नवी मुंबईला गेलात. कॉम्प्युटरचं मोठं घर असतं, तिथे माणसं राहत नाहीत, नुसत्या मशीनी राहतात, आणि त्या तापू नयेत म्हणून तुमचा चिलर दिवसरात्र चालतो. तुम्ही म्हणायचे, "वयनी, पयले मासोळीसाठी बर्फ करत होतो, आता लोकाइच्या फोटोइसाठी करतो." मला वाटायचं थट्टा करता. मग तुम्ही माझ्याच मोबाईलवर माझाच टोपलीसोबतचा फोटो दाखवून म्हणालात, हा इथे नाही, तो तिकडे ठेवला आहे, आमच्यासारख्याच एखाद्या घरात. तेव्हापासून तो फोटो उघडला की मला वाटतं, तिकडे कुठेतरी एक मशीन माझ्यापायी तापली.

दोन दिवाळ्यांपूर्वी तुम्ही आलात ते तोंड पाडून. तुमची लता आत करंज्या तळत होती. तुम्ही माझ्याजवळ ओसरीत बसलात आणि म्हणालात, "वयनी, माहा धंदा बुडते."

"काहून?"

"आता कॉम्प्युटर वर नेणार म्हणे. आभाळाच्याबी वर. रॉकेटमधी घालून."

"अन् वर कायले?"

"वर ऊन फुकट. रात्र नाही का ढग नाही. अन् थंड तं इतकं थंड का आपला बर्फबी त्याच्यापुढे चहा. मंग चिलर कोणाले पाहिजे, अन् चिलरवाला कोणाले पाहिजे?"

मी तुम्हाला करंजी दिली. दुसरं काय देणार? पण मला खरंच वाटलं की गेलं तुमचं काम. तुमच्याच पैशानं मी त्या दसऱ्याला मासोळीसाठी मोठा आडवा फ्रीजर घेतला होता. मनात आलं, माणसाची नोकरी जायची आहे आणि आपण त्याच्याकडून पैसे घेऊन बसलो. त्या वेळेपासून मी दर बाजारातून थोडे थोडे बाजूला टाकू लागले.

मग तो उन्हाळा आला. त्याबद्दल तुम्ही मला शेवटपर्यंत चिडवलंत, पण मी पुन्हा सांगते, माझ्या जागी आपल्या गावातली कोणतीही बाई असती तर तिनं तेच केलं असतं.

वीज सारखी जात होती. एका दुपारी फ्रीजरला हात लावला तर बाजूचा पत्रा चांगलाच गरम. मला वाटलं, बाहेरचं ऊन आत शिरतं आहे. आपण बर्फाला काय करतो? भुशात पुरतो, वरून पोतं. मी गिरणीतून भुसा आणला, तीन पोती भरून चारी बाजूंनी लावली, वरून गोधडी आणि तिच्यावर ओलं तरट. लहान लेकराला निजवावं तसं निजवलं. संध्याकाळी पाहते तर फ्रीजर घरघर करून मुका झाला. आतली मासोळी दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर कावळ्यांना गेली.

तुम्ही तेव्हा लताच्या चुलतभावाच्या लग्नाला आला होता. येऊन पाहिलंत आणि खालीच बसलात हसायला.

"वयनी, हे काय करून ठेवलं वो?"

"काहून? भुसा लावला नं. बर्फाले नाही का लावत?"

"बर्फ बिचारा चूप पडून रायते. हे मशीन आतली गरमी उपसून या पत्र्यातून बाहेर फेकून रायली होती. अन् तुमी तिचं नाक-तोंड दाबून तिले गोधडीत गुंडाळलं!"

"मंग थंडी कोण करते?"

"थंडी कोणीच करत नाही, वयनी. माह्या कारखान्यानंबी कधी केली नाही. गरमी काढाची अन् दुसरीकडे नेऊन टाकाची, एवढंच काम. टाकाले जागा नसली का संपलं."

आणि मग तुमचं हसणं एकदम थांबलं. हातात माझं भुशाचं पोतं होतं. त्याच्याकडे पाहत राहिलात. "वयनी," तुम्ही हळूच म्हणालात, "वर हवा नाही."

"बरं?"

"वर हवा नाही, पाणी नाही. मंग मशीनची गरमी घेऊन जाणार कोण? थर्मासमधी काय असते? दोन भिंतीच्या मधात काहीच नसते, म्हणून तं चहा गरम रायते. वर तं सारा थर्मासच आहे! तुमचं हे पोतं आहे नं, तसंच, फक्त अंत नसलेलं."

तुम्ही तिथूनच तुमच्या साहेबांना फोन लावलात. साहेब म्हणाले, बरोबर आहे, लोकांना वाटतं वर थंड आहे म्हणजे आपोआप थंड होईल. तसं होत नाही. फोन ठेवून तुम्ही अंगणात चक्क एक फेरी मारलीत. तुमचे दादा जाळं विणत होते. ते म्हणाले, "याले ऊन लागलं का?" फ्रीजरच्या जळालेल्या कॉम्प्रेसरचे पैसे तुम्हीच भरलेत, आनंदानं. माझ्या देण्यात तेवढी भर पडली, पण तुमचा चेहरा पाहून मला त्याचं काही वाटलं नाही.

मला वाटलं वाद मिटला. वर काही होत नाही, तुमची नोकरी शाबूत. पण तुम्हाला चैन कुठे? गेल्या हिवाळ्यात आलात ते उलटंच बोलायला लागलात.

सकाळी शेकोटीजवळ बसलो होतो. तुम्ही मला म्हणालात, तोंडापुढे थाळी धरा. मी धरली. चेहरा गार. काढली, चेहरा तापला. पुन्हा धरली, पुन्हा गार.

"वारा तं तोच आहे नं?" तुम्ही म्हणालात. "मंग थाळीनं काय अडवलं? गरमी उजेडासारखी सरळ येते. तिले वाऱ्याची गरज नाही. सूर्याची गरमी नाही का येत, मधात काही नसताना? तशीच वरच्या मशीनची जाईन. चौड्या चौड्या पात्या लावाच्या, पंखासारख्या. आतली गरमी त्या पात्याइत आणाची अन् पात्यानं ती अंधारात फेकाची."

मी म्हटलं, "शेकोटी लाल आहे, सूर्य जळून रायला. तुमची पाती काय लाल होणार का? कोमट पत्रा कायची गरमी फेकते? माह्या फ्रीजरच्या पत्र्यापुढे मी रोज उभी रायतो, हात लावल्याबिगर मले तं समजतबी नाही."

"फेकते. थोडी फेकते, म्हणून तं पाती मोठी पाहिजे. साहेब म्हणतात, जितकी जास्त गरम तितकी भराभर फेकते."

"साहेबाइनं पाह्यलं का?"

"साहेबाइनं पुस्तकात पाह्यलं."

"मी पाह्यलं नाही, म्हणून मी मानत नाही."

तुमचे दादा मागून म्हणाले, "वर मासोळ्याचा बाजार भरवाचा असन तं आताच सांगा, जाळं मोठं विणतो."

त्याच दिवशी मी तुमच्यापुढे पैसे ठेवले. सगळे जमले होते. तुम्ही मोजलेही नाहीत, अर्धे उचललेत आणि अर्धे परत माझ्याकडे सारलेत. "हे शेवटचे राहू द्या. कोमट पत्रा नुसत्या आभाळाले गरमी देते का नाही, थे तुमी पाहून मले सांगा. हाव म्हणा का नाही म्हणा, पण पाहून सांगा. त्या दिवशी घेतो."

"अन् नाही सापडलं तं?"

"तं बोलत राहू. वयनी, देणं फिटलं का माणसं फोन करत नाहीत."

मी शब्द दिला. वर्षभर तुम्ही फोन करत राहिलात. लता मागून ओरडायची की घरच्या बायकोशी दोन शब्द नाहीत आणि वहिनीशी अंतराळ. मला सुचेल ते मी विचारायची. वर सारखं ऊन आहे, मग पाती तापणार नाही का? तुम्ही म्हणालात, धार उन्हाकडे आणि पाठ-पोट अंधाराकडे, वाऱ्यातून सूप नेताना तुम्ही त्याची कड वाऱ्याकडे धरता तसं. मशीन बिघडली तर कोण जाईल? कोणी नाही, नवीन पाठवायची. आणि जुनी? तिथेच फिरत राहील, नाही तर खाली येता येता जळेल. मी म्हटलं, "म्हणजे उकिरडा वर नेऊन रायले." तुम्ही फोनवर इतके हसलात की खोकला आला. वरचं ऊन मशीनच्या मेंदूला चावतं, हेही तुम्हीच सांगितलंत. एकदोन लहान मशीनी वर पाठवून पाहिल्या म्हणे, पण मोठं घर नेणं म्हणजे केवढी पाती, केवढी रॉकेटं, त्याचा हिशोब साहेबांनाही लागत नव्हता.

पण तुम्ही एक गोष्ट सांगितलीत ती माझ्या डोक्यातून जात नाही. खालच्या कितीतरी मशीनघरांना थंड राहायला पाणी लागतं, रोज लागतं, ते वाफ होऊन उडून जातं. मी उन्हाळ्यातला आपला तलाव डोळ्यांपुढे आणला, मधोमध उरलेलं डबकं आणि त्यात एकमेकींवर चढलेल्या मासोळ्या. मी म्हटलं, "मंग जाऊ द्या वर." तुम्ही म्हणालात, "माही नोकरी?" मी म्हटलं, "तुमीबी जा, पाती पुसाले." त्या फोननंतर पुन्हा निवांत बोलणं झालं नाही. मी तुम्हाला वर जा म्हटलं होतं, भाऊजी. थट्टेत म्हटलं होतं. तुम्हाला ते माहीत आहे ना?

आता खरी गोष्ट.

तेरवी झाली आणि लतानं सांगितलं की ती चार दिवसांनी निघणार. तिकडची खोली खाली करायची आणि मग सिहोऱ्याला माहेरी जायचं. मी आत जाऊन डबा उघडला. तुमचे शेवटचे पैसे त्यात होते. लताला आज त्यांचा उपयोग आहे, ते दिले पाहिजेत. पण शब्द दिला होता की पाहून सांगेन, आणि मी पाहिलं नव्हतं. न पाहता दिले तर खोटं होईल. आणि खरं सांगू? दिले की आपलं बोलणं संपलं, ही भीतीही होती. डब्याचं झाकण मी पुन्हा लावलं.

तेरवीच्या थाळ्या बायकांनी घासून तशाच अंगणात पसरून ठेवल्या होत्या. काही मोकळ्यात, काही आंब्याखाली. कोणी नीट निथळल्या नव्हत्या, पाणी राहिलं होतं. पहाटे मी गोळा करायला गेले. मोकळ्यातली थाळी उचलली तर बोटांना चावली, बर्फाच्या लादीला हात लावल्यासारखी. कडांवर दव. आंब्याखालची उचलली तर नुसती गार, कडा कोरड्या. मी दोन हातांत दोन थाळ्या धरून तिथेच उभी राहिले. रात्र एकच, अंगण एकच, थाळ्या एकाच भांडारातल्या. मोकळ्यातल्या थाळीची गरमी कोणी नेली?

आपल्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे की दव उघड्यावर पडतं, झाडाखाली पडत नाही. मलाही माहीत होतं. पण काहून, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुमची सवय लागली मला.

संध्याकाळी मी नीट करून पाहिलं. एकाच बादलीतलं पाणी दोन थाळ्यांत घातलं. जमिनीचं गारपण लागू नये म्हणून दोन्हीखाली धानाचं वाळलं तणस पसरलं. एक मोकळ्यात, एक आंब्याखाली. वारा इतका पडला होता की दिव्याची वात हलत नव्हती. तुमचे दादा दारातून म्हणाले, "हे काय, भुताले जेवण वाढून रायली का?" आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं, आत निघून गेले.

सकाळी मी तापाचं थर्मामीटर पाण्यात बुडवलं. त्यावर दोन इंग्रजी अक्षरं आली. तुमच्या दादांनी वाचून सांगितलं, "लो." दुसऱ्या थाळीत बुडवलं, तिथेही "लो". माणसाच्या अंगापेक्षा गार असलेलं त्याला काही कळतच नाही. शेवटी मी त्यांना डोळे मिटायला लावले, दोन्ही थाळ्या पुढे ठेवल्या, जागा बदलून. त्यांनी हात घातला आणि लगेच म्हणाले, "हे उघड्यावरलं." पुन्हा बदलल्या. पुन्हा बरोबर. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "हे त्यानं सांगतलं होतं का?" मी हो म्हटलं. त्यांनी हात बराच वेळ पाण्यातच ठेवला.

तरी मी लगेच मानलं नाही. तुम्हीही मानलं नसतं. पुढच्या संध्याकाळी ढग आले, सगळं आभाळ भरून. मी थाळ्या पुन्हा तशाच ठेवल्या. सकाळी दोन्हींत हात घातला तर फरक नाही. मी घातला, दादांनी घातला. नाही म्हणजे नाही.

तेव्हा मला समजलं, भाऊजी. झाड हे पोतं आहे. ढगही पोतं आहे. थाळी जी थोडी गरमी वर फेकते तितकीच जवळजवळ ते वरून परत देतात, म्हणून त्यांच्याखालची थाळी नुसती गार राहते. उघडं आभाळ काही परत देत नाही. म्हणून चावते ती थाळी. लाल व्हायची गरज नाही, जळायची गरज नाही. साधं पाणीही रात्रभर वर देत असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच.

तर हे घ्या तुमचं उत्तर: हाव. कोमट पत्रा नुसत्या आभाळाला गरमी देतो. वरच्या मशीनी थंड होऊ शकतील, पाती मोठी केली तर. तुम्ही आणि साहेब बरोबर, मी चुकले. पण ते परवडेल का, एवढी पाती वर नेऊन उघडणार कशी, उकिरड्याचं काय, हे मला अजून कळत नाही. तुम्ही असता तर आता तुम्ही म्हणाला असता की होईल, मी म्हटलं असतं पाहून सांगा. एका थाळीपुरतं मी पाहिलं. बाकीचं विचारायला आता कोणी नाही. आभाळाकडे तोंड करून विचारते, तर ते थाळीशी वागलं तसंच माझ्याशी वागतं.

काल सकाळी लता निघाली. बॅग ओसरीत होती, गाडीला वेळ होता. मी डबा आणला आणि पैसे तिच्या हातात दिले.

"कायचे हो बाई?"

"भाऊजीचे. फ्रीजरचे शेवटचे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी एकदा विचारलं होतं त्याइले, का बाईकडे किती रायले. तं म्हणे, पैशाचं काही नाही, एक जवाब रायला." मग तिनं डोळे पुसले. "सापडला का जवाब?"

मी मान डोलावली. लतासमोरही मला धड बोलता येत नाही. पण मी तिचा हात धरला, अंगणात नेलं, आणि आदल्या पहाटेपासून तशाच असलेल्या दोन थाळ्यांमध्ये तिची बोटं बुडवली. आधी आंब्याखालची, मग मोकळ्यातली. रात्री आभाळ पुन्हा निवळलं होतं आणि ऊन अजून अंगणात आलं नव्हतं. तिनं हात झटकन मागे घेतला.

"इतकं गार? अन् कायनं?"

"वर पाहून," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. मग ओली बोटं पदराला पुसली आणि दुसऱ्या हातातल्या नोटा चाचपल्या. "बाई, ह्या तं कोमट लागून रायल्या."

"फ्रीजरच्या अंगाले डबा ठेवतो नं मी," मी म्हटलं. "आतली गरमी तिकूनच बाहेर येते."

तिनं त्या तशाच, न मोजता, पोलक्यात ठेवल्या. गाडीचा हॉर्न वाजला. मी बॅग उचलून दिली.

तुमचे सगळे पैसे फिटले, भाऊजी.